पाय सुजले म्हणजे किडनी गेली?

बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते का हो, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतोच. मागच्या पावसाळ्यात एक काकू आल्या, वय ६१, बीपी १६८/१००, आणि घोटे एवढे सुजलेले की चपलेचा पट्टा रुतला होता. शेजारीण म्हणाली किडनी गेली, म्हणून गोळी कधी घ्यायच्या कधी नाही.

मी फाईल नाही बघत आधी, पिशवी मागते. घरात जेवढी औषधं असतील तेवढी घेऊन या म्हणते, कारण फाईलीत नसलेलं बरंच काही पिशवीत निघतं. काकूंच्या पिशवीत बीपीची अ‍ॅम्लोडिपिन १० एमजी, दुसऱ्या डॉक्टरांनी सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी, आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक, ती रोज दोन वेळा!

सूज कधीपासून विचारलं तर म्हणे ५ ची गोळी १० ची केली तेव्हापासून. मग उलगडलं सगळं. अ‍ॅम्लोडिपिनने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यातून पाणी पाझरून घोट्यापाशी साठतं, डोस वाढला की जास्त. ही सूज लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. उलट ती गोळी घेतली की एसटीत पंचाईत, म्हणून मुलीकडे जायच्या दिवशी काकू सगळ्याच गोळ्या बुडवायच्या, बीपीचीसुद्धा. आणि डायक्लोफिनॅक अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, त्याने बीपी चढतं आणि किडनीची खरी भीती असलीच तर ती या रोजच्या पेनकिलरची, पण तिच्यावर कोणाचा संशयच नाही.

औषध बदलणं माझं काम नाही, मी फक्त तिन्ही पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी रक्तातलं क्रिएटिनीन (किडनी नीट चालते का ते त्यावरून कळतं) आणि लघवी तपासली, दोन्ही नॉर्मल. अ‍ॅम्लोडिपिन परत ५ वर आणली, जोडीला बीपीचीच दुसरी गोळी, टेल्मिसार्टन ४० दिली, लघवीची गोळी आणि डायक्लोफिनॅक बंद, गुडघा फारच दुखला तर पॅरासिटॅमॉल. मीठ-पापड-लोणच्यावरून मीही थोडं रागावले.

महिन्याने आल्या तेव्हा बीपी १३४/८४, चपला सैल. गुडघे मात्र दुखतातच, त्याचे व्यायाम करता का विचारलं की काकू नातवाचे फोटो दाखवायला लागतात.