देवाने आधीच निवड केली असेल, तर माझ्या विश्वासाला अर्थ काय?

तुम्ही विचारलंय की कोणाचं तारण व्हायचं हे देवाने जगाच्या स्थापनेपूर्वीच ठरवलं असेल, तर मी विश्वास ठेवला काय नि न ठेवला काय, फरक काय पडतो? शेवटी हळूच जोडलंय, 'आणि मी निवडलेल्यांत नसलो तर?' मला वाटतं, खरी बोच या दुसऱ्या प्रश्नाची आहे. पण आधी पहिला घेऊ.

हा वाद 'देव तारतो की माणूस स्वतःच तरतो' असा नाही. माणूस आपल्या बळावर देवाकडे वळू शकतो ही पाचव्या शतकातल्या पेलागियस या धर्मशिक्षकाची शिकवण ४१८ सालच्या कार्थेजच्या परिषदेनेच नाकारली. डच धर्मपंडित आर्मिनियसला उगाचच त्याच्या पंगतीला बसवतात. कृपेवाचून माणसाला खरं चांगलं काही इच्छिताही येत नाही, हे आर्मिनियस स्वतःच लिहितो. भांडण त्यापुढचं. ती कृपा माणसाला झिडकारता येते का? आणि देवाने निवडलं ते कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून, की माणसातलं काहीही न पाहता, केवळ आपल्या मर्जीने? आर्मिनियस म्हणतो, झिडकारता येते, आणि देवाने आधी जाणूनच निवडलं; सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन म्हणतो, झिडकारता येत नाही, आणि निवड केवळ देवाच्या मर्जीने. आर्मिनियस १६०९ साली वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली आणि हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) ती फेटाळली.

विशीत मी कट्टर कॅल्विनवादी होतो. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय तोंडपाठ. याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, बरंवाईट काही केलं नव्हतं, तरी निवड झाली. मातीच्या गोळ्याने कुंभाराला जाब विचारायचा नसतो. बिनतोड! आमच्या अभ्यासगटातल्या एका बाईंचा भाऊ विश्वासात न येताच गेला, तेव्हा मी त्यांना हाच अध्याय समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यापासून येणं बंद केलं. पौल हा अध्याय सुरू करतो तो आपल्या अविश्वासी भाऊबंदांसाठी तळमळत, त्यांच्या बदल्यात आपणच शापभ्रष्ट व्हावं अशी इच्छा बोलून दाखवत, हे मला तोंडपाठ असूनही दिसलं नव्हतं. पान उलटलं की दहाव्यात तोच पौल सांगतो, जो कोणी प्रभूचा धावा करील त्याचं तारण होईल. नऊ ते अकरा हा इस्राएलाविषयीचा एकच सलग युक्तिवाद आहे. मी त्यातला एक तुकडा मोडून हातात धरला होता.

आता फरकाचं. निवड म्हणजे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' नव्हे, हे कॅल्विनवादीही ठासून सांगतात. देवाने शेवट नेमला तसे साधनही नेमलं: सुवार्ता ऐकणं, पश्चात्ताप, विश्वास. फिलिप्पैकरांस २:१२-१३ पाहा. भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्या ठायी देव घडवतो. आपण तिथे 'पण' लिहिलं असतं. पौल 'कारण' लिहितो.

कॅथलिकांतही हेच पेटलं होतं. कृपा आणि माणसाची मोकळीक यांचा मेळ घालू पाहणाऱ्या, जेझुइट मोलिनाच्या १५८८च्या ग्रंथावरून जेझुइट आणि डोमिनिकन हे दोन संन्यासी संघ इतके भांडले की रोमला चौकशी नेमावी लागली. १६०७ साली पोप पौल पाचवे यांनी निकाल न देताच ती आटोपली. दोन्ही पक्षांनी एकमेकांना दोषी ठरवू नये एवढं बजावलं. मला हा निर्णय पूर्वी पळपुटा वाटायचा, आता नाही वाटत. माझा स्वतःचा कल आज आर्मिनियसकडे आहे. यरुशलेमेला उद्देशून येशू म्हणतो, पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीसारखं मी तुला किती वेळा एकवटू पाहिलं, पण तुमची इच्छा नव्हती (मत्तय २३:३७). हे वचन मला दुसऱ्या बाजूने नीट लावता आलेलं नाही. नववा अध्याय मात्र अजूनही टोचतो.

आता तुमची भीती. याचं उत्तर मी मुद्दाम समोरच्या गोटातून देतो. डॉर्टच्या त्याच धर्मसभेने केलेल्या नियमांत पहिल्या प्रकरणाचं सोळावं कलम नेमकं तुमच्यासारख्यांसाठी आहे. ज्यांना आपल्यात जिवंत विश्वास अजून ठळकपणे जाणवत नाही, पण जे देवाने दिलेली साधनं वापरताहेत, त्यांनी त्यागाचं, म्हणजे देवाने टाकून देण्याचं, नाव ऐकून घाबरू नये आणि स्वतःला टाकलेल्यांत मोजू नये. साधनं चालू ठेवावीत, कृपेच्या घटकेची नम्रपणे वाट पाहावी. निवडीची शिकवण सगळ्यात कडक शब्दांत मांडणाऱ्यांनीच हे लिहून ठेवलंय. तेव्हा प्रार्थना सोडली असेल तर आज रात्री पुन्हा सुरू करा. योहान ६:३७ उघडून बसा: जो माझ्याकडे येतो त्याला मी कधीच घालवून देणार नाही.