हाँगकाँगची शेली स्ट्रीट एवढ्या चढावर असूनही खाण्यापिण्याच्या ठिकाणांनी कशी गजबजली?

मुख्य कारण तिथले सरकते जिने. १९९३ मध्ये सेंट्रल (कचेऱ्यांचा भाग) ते मिड-लेव्हल्स (डोंगरउतारावरची निवासी वस्ती) असा सुमारे ८०० मीटर लांबीचा आणि १३५ मीटर उंची चढणारा मार्ग सुरू झाला. शेली स्ट्रीट त्याच मार्गावर आहे. जिने सकाळी साधारण १० पर्यंत खाली आणि त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत वर जातात. त्यामुळे संध्याकाळी भुकेलेला नोकरदार नेमका याच रस्त्यावरच्या दारांवरून घरी जातो. साहजिकच आधी शांत असलेल्या वस्तीत रेस्टॉरंट आणि बार आले, भाडी चढली, किरकोळ दुकानं मागे पडली. मात्र जिने बांधले होते ते मोटारींची गर्दी कमी करायला, आणि ती काही फारशी हटली नाही. (उलट दिशेने जायचं असेल तर शेजारच्या पायऱ्याच!)