प्रार्थना चुकीच्या पत्त्यावर जाते का?

“ताई, क्रुसाची खूण करताना डोळ्यांपुढे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघं येतात. मग वाटतं, आपण तीन देव मानतोय. म्हणून मनातलं चित्र पुसते आणि खूण पुन्हा करते.”

ही ख्रिस्ती बाई बोरिवलीला राहते, माहेर वसईचं, नोकरी बँकेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सुरुवात लोकलमधल्या गप्पांतून झाली. रोजच्या मैत्रिणीनं सहज विचारलं, “तुमचे देव तीन की एक? आमच्या दत्तासारखंच ना?” त्यात वाईट काहीच नव्हतं. आपल्या देव्हाऱ्यावरूनच माणूस दुसऱ्याचा देव समजून घेतो. हिनं धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेलं उदाहरण दिलं: पाणी, बर्फ आणि वाफ. महिन्याभरानं एका प्रवचनात कानावर आलं की हे उदाहरण म्हणजे पाखंड. तेव्हापासून झोप उडाली. घरातून निघताना खूण पंधरा-वीस वेळा, ठरलेली गाडी चुकायची. एकाच ‘पापा’साठी तीनदा पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापाची कबुली, करून झालं होतं.

“त्रैक्य, म्हणजे तिघांत एकच देव, हे समजत नाही, मग माझा विश्वास खोटा का?” हा प्रश्न माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात. बहुतेकांचं थोड्या बोलण्यानं भागतं. हिचं भागणार नव्हतं.

प्रवचनात सांगितलं ते चूक नव्हतं. पाणी एका वेळी एकच रूप घेतं. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत मात्र पुत्र, म्हणजे येशू, पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते आहे, तिन्ही एकाच वेळी. एकच देव तीन मुखवटे बदलतो ही शिकवण तिसऱ्या शतकात साबेल्लियस या धर्मशिक्षकाच्या नावावर रूढ झाली आणि चर्चनं ती नाकारली. पण पाखंड म्हणजे सत्य ठाऊक असून हट्टानं नाकारणं. गाडीच्या गर्दीत तोकडं उदाहरण देणं नव्हे. एवढं वाक्य त्या प्रवचनात कुणी जोडलं असतं, तर एका बाईचे कितीतरी महिने वाचले असते. याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी तिला म्हटलं, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे हे 325 साली निकायाच्या धर्मपरिषदेत ठरलं, आणि पवित्र आत्म्याबद्दलची कबुली 381 साली कॉन्स्टँटिनोपलला विस्तारली. मोठमोठ्या बिशपांना नेमके शब्द सापडायला 56 वर्षं लागली. तुम्ही ते कांदिवली यायच्या आत मनात बसवायला बघताय.

मराठीचीही एक अडचण आहे. ‘एक देव, तीन व्यक्ती’ म्हटलं की आपल्याला ओळीनं बसलेली तीन माणसं दिसतात. मूळ ग्रीक शब्द हिपोस्टॅसिस. त्यात वेगवेगळी माणसं अभिप्रेत नाहीत. तिला मी खुणेचे शब्दच पुन्हा म्हणायला लावले. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या… “नावाने,” ती म्हणाली, आणि थांबली. नावांनी नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातही तो शब्द एकवचनीच आहे.

मग खरी भीती बाहेर आली. येशूला हाक मारली तर पित्याचा अपमान होईल, आत्म्याला विसरले तर तो रागावेल. लहानपणी घरात आईची बाजू घेतली की वडील दोन दोन दिवस बोलत नसत. हे सांगताना ती रडली. मिस्सेतल्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या, प्रार्थना तिला तोंडपाठ होत्या: पित्याला, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्याच्या ऐक्यात. तिथं एकाला हाक मारली म्हणून दुसरा रुसत नाही. आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तर आहे की काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनवणी करतो.

पण नुसत्या समजावण्यानं ही सवय सुटत नाही. उलट दर वेळी दिलासा दिला की तो पुन्हा हवासा वाटतो. हा मंत्रचळ (ओसीडी) होता, धार्मिक विषयाला चिकटलेला. मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषध सुरू झालं. शंका विचारायला एकच फादर ठरवले, आणि एक शंका एकदाच. या विषयावरचे व्हिडिओ बघणं बंद. खूण एकदाच, चित्र कसंही आलं तरी. ‘हे देवाला चालेल का?’ याचं उत्तर मीही दिलं नाही, आणि ते तिला फार जड गेलं. तेव्हा मी तिला येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचं सांगितलं. 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथं तेही जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करत तळमळत होते, शेवटी जुनं पुन्हा उकरून काढायचं नाही असं त्यांनी ठरवलं. “संतांनाही?” तिनं दोनदा विचारलं.

चार महिन्यांनी ती आली तेव्हा मी विचारलं, सकाळी काय होतं आता?

“खूण केली. तिघंच दिसले. तेवढ्यात गाडी आली, मग मी बसायला जागा शोधली.”