नवरा केंद्रात अडकला आहे आणि केंद्र म्हणतं, आधी वीस हजार भरा

प्रश्न : आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. नवरा सूतगिरणीत आहे, अकरा वर्षांपासून दारू. पावसाळ्यात त्यांना फिट आली, खासगी दवाखान्यात चार दिवस होते, ३८,००० बिल झालं. गिरणीचा मेडिक्लेम होता, पण ‘दारूमुळे झालेला आजार’ म्हणून विमा कंपनीने नाकारला. मग दिरांनी एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला. रात्री जीप आली, चौघांनी त्यांना उचलून नेलं. मी स्टँपपेपरवर सही केली, मंगळसूत्र गहाण ठेवून २५,००० दिले आणि एक कोरा चेकही दिला. तीन महिन्यांचं ठरलं होतं, आता चौथा संपत आला. फोन फक्त रविवारी दोन मिनिटं देतात, बाजूला माणूस उभा असतो. मागच्या रविवारी ते एवढंच म्हणाले, ‘मला इथून ने.’ केंद्रवाले म्हणतात, ‘वीस हजार भरा नाहीतर चेक टाकतो, आणि त्यांना आणखी तीन महिने ठेवावं लागेल.’ सासरचे म्हणतात, राहू दे तिथेच. मी काय करू? मी सही केली, तर गुन्हा माझ्यावर येईल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि केंद्रवाल्यांना ते तसेच गुंतलेले हवे आहेत. माणूस सोडणं हा एक प्रश्न, पैसे देणं-घेणं हा दुसरा. समजा वीस हजार खरोखरच तुमच्याकडून येणं आहेत. तरी त्यांनी दिवाणी दावा लावावा. उधारी थकली म्हणून दुकानदार गिऱ्हाइकाला गोडाऊनमध्ये कोंडत नाही. माणूस तारण ठेवून घ्यायची सोय कुठल्याच कायद्यात नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येतच येतात. ‘आमचं हॉस्पिटल नाही, पुनर्वसन केंद्र आहे’ हे उत्तर तुम्हाला मिळेल. मला कोर्टात ते बऱ्याचदा ऐकायला मिळालं आहे. पण अशा रुग्णांना उपचारासाठी किंवा पुनर्वसनासाठी जिथे ठेवून घेतात ती प्रत्येक जागा या कायद्याखाली ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ठरते. फक्त नातेवाइकांबरोबर राहण्याचं घर त्यातून वगळलं आहे. कलम ६५ प्रमाणे नोंदणीशिवाय अशी जागा चालवता येत नाही. पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे, पुढे तो वाढत जातो.

तुम्ही पाठवलेले कागद मी नीट पाहिले. पावतीवर वर देवाचं चित्र, मध्ये ‘देणगीबद्दल आभारी आहोत’ आणि खाली २५,०००. नोंदणी क्रमांक आहे, पण तो धर्मादाय आयुक्तांकडचा, म्हणजे ट्रस्टचा. मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा क्रमांक कुठेही नाही. स्टँपपेपरवर तर मजाच आहे. ‘रुग्णाच्या जिवाला काही झाल्यास केंद्र जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य दोनदा टंकलं आहे आणि तपासणाऱ्या डॉक्टरांच्या नावाची जागा मोकळी आहे. ती मोकळी जागा तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. मूळ कागद कुणाला देऊ नका, दिरांनाही नाही.

कारण असं की रुग्णाच्या मर्जीविरुद्ध दाखल करण्याची वाट कायद्यात आहे, पण ती फार अरुंद आहे. कलम ८९ प्रमाणे अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने करायचा. रुग्णाने कुणाचं नाव दिलं नसेल तर नातेवाईक ते काम करू शकतो, म्हणजे तुम्ही करू शकता. मग एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासायचं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, किंवा माणूस स्वतःची काळजी घेऊ शकत नाही म्हणून त्याच्याच जिवाला धोका आहे, असं त्यांना दिसलं पाहिजे. एवढं करूनही मुदत ३० दिवसांची. पुढे ठेवायचं तर कलम ९० लागतं, त्यात दोन मानसोपचारतज्ज्ञ आणि याच कायद्याखालचं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ येतं. तुमच्या बाबतीत जीप आली आणि माणूस गेला. त्या रात्री डॉक्टर नव्हता. तुमच्या सहीने तो तयार होत नाही.

आणि ते स्वतःच्या मर्जीने दाखल झालेत असं केंद्राने म्हटलं, तर प्रश्न आणखी सोपा होतो. मर्जीने आलेला रुग्ण जाऊ द्या म्हणाला की त्याला सोडावं लागतं. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं, तेही ठरावीक कारणांसाठीच. चार महिने कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

आता तुमच्या भीतीबद्दल. त्या रात्री तुम्ही सही केलीत ती नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून, आणि समोरचे उपचार करणारेच आहेत असं समजून. असं सद्भावनेने केलेल्या बाईला कुणी आरोपी करेल असं मला वाटत नाही. मात्र इथून पुढे एकाही कागदावर सही करू नका. दिरांनाही सांगा, ‘आणखी तीन महिने ठेवा’ असं लिहून देऊ नका. आता सगळं कळलं आहे, आणि कळल्यानंतर केलेली सही वेगळी मोजली जाते.

करायचं असं. पुढच्या रविवारची वाट न पाहता दोन जाणती माणसं बरोबर घेऊन जा, त्यात शक्यतो एक पुरुष नात्याबाहेरचा असू द्या. नवऱ्याला एकटं भेटायची मागणी करा. ‘इथून ने’ हे दारूच्या ओढीने म्हटलं की मारहाणीमुळे, की अजून राहावं असंही त्यांना वाटतंय, हे तुम्हालाच कळेल. माझ्या एका अशिलाच्या नवऱ्याने भेटीत सांगितलं होतं, अजून पंधरा दिवस राहतो, पण जेवण सुधारायला सांग. निर्णय त्यांचा आहे, तुमचा नाही आणि माझाही नाही. त्यांना बाहेर यायचं असेल तर तिथेच साध्या कागदावर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या आणि सोडण्याचा अर्ज द्या. पोच मागा. देत नसतील तर घरी येताना तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. भिंतीवर पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर आहे का, पाहा. तो लावणं केंद्रावर बंधनकारक आहे आणि मंडळाला फोन करायची मोफत सोय रुग्णाला द्यावी लागते. दोन मिनिटांच्या फोनवाल्यांना एवढं सांगितलं तरी त्यांचा आवाज थोडा खाली येतो. डोकं सक्तीने भादरलं असेल, साखळीचे वळ असतील, त्यांच्याकडून फुकट राबवून घेतलं असेल, तर जागच्या जागी फोटो काढा. साखळीने बांधणं तर कलम ९५ मध्ये सरळ मनाई आहे.

सोडलं नाही तर पोलीस ठाणे. तिथे हवालदार म्हणेल, ‘तुम्हीच टाकलंत ना?’ त्याला मोकळी जागा असलेला तो स्टँपपेपर दाखवा. दहा दिवसांहून अधिक काळ बेकायदा कोंडून ठेवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलीस हलले नाहीत तर प्रांताधिकाऱ्यांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली, कोंडून ठेवलेल्या माणसाचा शोध घेऊन त्याला समोर आणण्याचं वॉरंट ते काढू शकतात. तहसीलदारांकडे वेळ घालवू नका, हा अधिकार त्यांना नाही. वकिलाचा खर्च नको. बाई म्हणून तुम्हाला तालुका विधी सेवा समितीत मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन १५१००.

चेकची गोष्ट जरा नाजूक आहे, इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. ‘कोराच दिला होता’ एवढं सांगून सुटका होत नाही. सही तुमची असली की चेक देणं फेडण्यासाठी दिला असं न्यायालय आधी धरून चालतं, तसं नव्हतं हे आपल्याला दाखवावं लागतं. म्हणून सोडण्याच्या अर्जातच चेकचा नंबर घालून लिहा की हा चेक तारण म्हणून घेतला, रक्कम आणि तारीख कोरी होती, वीस हजाराचं कोणतंही बिल मला दिलेलं नाही. बँकेत पेमेंट थांबवायला सांगा, पण त्यावर विसंबू नका. चेक परत गेल्याची नोटीस आली तर ती हातात पडल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी उत्तर गेलंच पाहिजे. पाकीट न घेणं हा उपाय नाही. विनानोंदणीच्या केंद्राच्या फीला कायद्याने येणं म्हणता येतं का, हा आपला खरा बचाव राहील. दिलेले २५,००० मागायचे तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जा. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते.

मेडिक्लेमबाबत केंद्राच्या पैशांची आशा सोडा. अशी जागा कुठल्याही पॉलिसीच्या व्याख्येत रुग्णालय ठरणार नाही. भांडायचं ते दवाखान्याच्या ३८,००० साठी. कंपनीने दाखवलेली अट खोटी नाही. व्यसन आणि त्याचे परिणाम वगळणारी ही अट विमा नियामकाच्या २०१९ च्या ठरावीक मसुद्यातच आहे. दुसऱ्या बाजूला, मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्या असं मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१ सांगतं, दारूशी निगडित अवस्था त्या व्याख्येत बसतात, आणि कलम १२० प्रमाणे हा कायदा इतर कायद्यांवर मात करतो. निकाल कुठेही जाऊ शकतो. पण विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, फी नाही आणि वकीलही लागत नाही, तेव्हा प्रयत्न सोडू नये. आधी कंपनीला लेखी तक्रार करा, महिनाभर थांबा, आणि नकार आल्यापासून वर्षाच्या आत लोकपालाकडे अर्ज टाका. फिटेच्या कागदांवर डॉक्टरांनी नेमकं काय लिहिलं आहे याची नक्कल आत्ताच काढा. ‘झटके’ आणि ‘मद्यपानामुळे झटके’ यांत ३८,००० चा फरक पडू शकतो.

माणूस घरी आणायच्या आधी पुढची सोय पाहा, हे मी वकील म्हणून नव्हे, दोन्ही प्रकारची घरं पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. चार महिने कोंडून ठेवणं म्हणजे उपचार झाले असं नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. बऱ्याच तालुक्यांत मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात येतं, केसपेपर खिडकीवर वार विचारा. आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर मोफत मिळायला हवीत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी उपचार मोफत आहेत, कार्ड असो वा नसो. आणि किमान सेवा जिल्ह्यात सरकारने ठेवलेलीच नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने करायचा असं मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ म्हणतं. हे कलम आपोआप हलत नाही. ‘सेवा उपलब्ध नाही’ असं जिल्हा शल्यचिकित्सकांकडून लेखी घ्यावं लागतं, आणि ते लिहून द्यायला कुणी राजी नसतं. तरी माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. व्यसनासाठी केंद्र सरकारची मदतवाहिनी १४४४६ आहे, मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस १४४१६. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारं जवळचं केंद्र कोणतं, हे पहिल्या नंबरवर विचारा.

एक गोष्ट पत्रात राहून गेली आहे. मंगळसूत्र कुणाकडे गहाण आहे आणि त्याची पावती आहे का? परवान्याच्या सावकाराला पावती द्यावीच लागते. पावती नसेल तर त्याचं नाव सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या परवाना यादीत आहे का ते बघून मला कळवा. त्यावर वेगळा कायदा आहे, २०१४ चा.