माझी पत्नी कधीच कुरकुर करत नाही

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या बाईंनी टेबलावर आपल्या नव्या पुस्तकाच्या प्रूफांचा गठ्ठा ठेवला आणि चौथं प्रकरण काढून माझ्याकडे सरकवलं. प्रकरण होतं कुरकुर न करणाऱ्या पत्नीवर. समासात त्यांच्याच अक्षरात, पेन्सिलीने, एकच शब्द लिहिला होता: खोटं.

"खोडणार होते," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावं."

बाई ख्रिस्ती लेखिका. स्त्रियांसाठी रोजच्या मननाची पुस्तकं लिहितात, ती भरपूर वाचली जातात. यजमान सुवार्तिक. एका मंडळीला, म्हणजे चर्चला, धरून राहणारे पाळक नव्हेत, बोलावणं येईल तिकडे सभांना जाणारे. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) फिरतीवरच्या प्रचारकांच्या बायका थोड्याफार फरकाने जो प्रश्न विचारतात, तोच त्यांनी विचारला. "नवरा दारू पिऊन बाहेर पडून राहत असता, तर चारचौघांत बोलता तरी आलं असतं. हे प्रभूच्या कामाला जातात. तक्रार कोणाची करू? देवाची?"

माझा पहिला अंदाज चुकला. मला वाटलं, एकटेपणा असेल. तर त्या म्हणाल्या, "छे! हे नसतात तेव्हा माझं छान चालतं. पहाटे लिहिते, मुलं शाळेत गेली की पुन्हा लिहिते. त्रास होतो तो हे परत येतात तेव्हा. आणि हे बोलायचीच मला लाज वाटते."

लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर पाळ्यांनी जाणाऱ्या पुरुषांच्या बायकांबद्दल स्कॉटलंडमधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1985 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. या बायकांची चिंता आणि उदासी नवऱ्याच्या जाण्यायेण्याशी जोडलेली त्यांना दिसली. घर एका माणसावर बेतलेलं असतं, तेवढ्यात दुसरा येतो. त्याला जागा करून देतोय, तोवर तो पुन्हा निघतो. तेल काढा नाहीतर सुवार्ता सांगा, घराला त्याने काही फरक पडत नाही.

"त्यांची बॅग कुठे असते?" मी विचारलं.

त्या जरा गोंधळल्या. "पॅसेजमध्ये. उभीच. कपडे तेवढे धुवायला निघतात. दाढीचं सामान, ब्रश, सगळं बॅगेतच. घरी असले तरी ब्रश बॅगेतून काढतात आणि परत बॅगेत ठेवतात." बोलता बोलता त्या थांबल्या. मीही काही बोलले नाही. त्यानंतर कितीतरी वेळ आम्ही त्या ब्रशाबद्दलच बोलत होतो.

खरी गाठ मात्र सापडली तिसऱ्या भेटीत. यजमानांचा उपदेशात एक ठरलेला दाखला असतो. "माझी पत्नी इथे बसली आहे. इतक्या वर्षांत तिनं एकदाही कुरकुर केलेली नाही." लोक मागे वळून बघतात, टाळ्या पडतात, बाई हसतात. मग घरी आल्यावर कुरकुर करणार कशी? नवऱ्याने कौतुकाने, अगदी मनापासून, त्यांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं. आणि त्याच कुलपावर त्या आता एक अख्खं प्रकरण लिहीत होत्या.

माझं मत सांगते. व्यासपीठावरून बायकोमुलांचे दाखले त्यांना न विचारता देणं मला पटत नाही. वाईट सांगितलं तर माणूस निदान चिडू तरी शकतो, चांगलं सांगितलं की तीही सोय उरत नाही.

"तुम्ही बायबलातल्या स्तोत्रांवर लिहिता ना?" मी म्हटलं. "तेरावं स्तोत्र कसं सुरू होतं?"

"'हे परमेश्वरा, कोठवर?'" त्या पटकन म्हणाल्या. मग हसल्या, त्या दिवशी पहिल्यांदाच. "अहो, चक्क तक्रार आहे ती!"

अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा तर शेवटही अंधारात होतो, हे त्यांनीच मला सांगितलं. देवासमोर जे चालतं ते नवऱ्यासमोर चालत नाही, असं कोणी ठरवलं, एवढंच मी विचारलं.

चौथ्या भेटीला यजमान आले, दोन दौऱ्यांच्या मधल्या दिवशी. माणूस सज्जन, थकलेला. बसल्याबसल्या बायबलातलं लूकचं शुभवर्तमान काढलं: नांगराला हात घातल्यावर मागे पाहणारा देवाच्या राज्याला योग्य नाही. शास्त्रवचनांवर वाद घालायचा नाही हा माझा नियम आहे, कारण ती माझी जागा नव्हे. पण बायको गप्प बसली नाही. "पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, सातवा अध्याय, पाचवं वचन," ती म्हणाली. नवराबायकोने दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने आणि थोडा वेळ, मग पुन्हा एकत्र यायचं, असं ते वचन आहे. "संमती कधी विचारलीत?"

ते बराच वेळ खाली बघत राहिले.

मग थोडं सावरून त्यांनी सांगितलं, की अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम यांच्या चमूने 1948 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथे जे ठरवलं होतं, ते आपण काटेकोर पाळतो. पैशाचा हिशेब चोख, परस्त्रीबरोबर एकांत नाही, स्थानिक मंडळ्यांवर टीका नाही, गर्दीचे आकडे फुगवायचे नाहीत. चारही गोष्टी चांगल्या. "घरी किती रात्री राहायचं, ते यात कुठे येतं?" मी विचारलं. ते हसले. बाई हसल्या नाहीत.

ग्रॅहम यांचं नाव निघालंच होतं, म्हणून मी त्यांच्या पत्नी रूथ बेल ग्रॅहम यांचा विषय काढला. त्याही लेखिका, कवयित्री. 1943 मध्ये लग्न, पाच मुलं, आणि नवरा महिनोन्महिने सभांना. एकदा रूथ लहानग्या अ‍ॅनला घेऊन सभेच्या ठिकाणी गेल्या, तर बिली त्या पोरीकडे बघतच राहिले. आपलीच मुलगी, पण ओळखली नाही. 1997 मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच हे लिहिलं आहे. यजमानांनी डायरी बाहेर काढली ती हे ऐकल्यावर. मागच्या 90 रात्रींपैकी घरी किती, ते बाईंनी मोजायला लावलं. 27 भरल्या. त्यातल्या 9 रात्री ते फोनवर पुढची सभा ठरवत होते, ही भर बाईंची.

ठरवलेल्या गोष्टी साध्या होत्या. बोलावणं आलं की फोनवर लगेच होकार द्यायचा नाही, एक दिवस मागून घ्यायचा. घरच्या रात्री डायरीत आधी लिहायच्या, सभा त्यानंतर. बाईंच्या लिखाणाच्या मुदतीही त्याच डायरीत, तशाच शाईने, कारण तीही सेवाच आहे. परत आलं की बॅग रिकामी करून माळ्यावर टाकायची. पहिल्या संध्याकाळी घरातल्या कुठल्याच गोष्टीवर निकाल द्यायचा नाही, नुसतं बसायचं. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. आणि बायकोचा दाखला द्यायचा तर तिला आधी विचारून.

इथे एक सांगून ठेवते. नवरा खर्चाला पैसे देत नसेल, घरी आल्यावर त्याची भीती वाटत असेल, किंवा आठवडेच्या आठवडे झोप आणि जेवण उडालं असेल, तर प्रश्न डायरीचा नसतो. तिथे आधी वेगळी मदत लागते.

"आणि पुस्तकाचं काय?" बाईंनी विचारलं. "खरं लिहिलं तर ह्यांची बदनामी." मी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून दिली. नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले, आणि 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली. टिळकांचा राग, पैशाच्या बाबतीतला बेहिशेबीपणा, मनात येईल तेव्हा उठून चालू लागणं, सगळं त्यात आहे. तरी वाचून झाल्यावर टिळक मनातून उतरत नाहीत, उलट जवळचे वाटतात. "पण त्यांना विनोद येत होता हो," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, मघाशी 27 रात्रींचं सांगताना तुम्हालाही आला होता.

दुसऱ्याच महिन्यात ठरलेलं मोडलं. घरच्या रात्रीची सभा यजमानांनी फोनवर घेऊन टाकली. बाई म्हणाल्या, "ही रात्र आपली होती. विचारायला हवं होतंत." ते तडक दुसऱ्या खोलीत गेले. आता हे रागावले, असं धरून त्या बसून राहिल्या. दहा मिनिटांनी ते बाहेर आले. "त्यांना पुढचा आठवडा चालतोय."

हे मला सांगताना बाई खूश नव्हत्या, चांगल्याच चिडल्या होत्या. "दहा मिनिटांचं काम होतं! आणि मी इतकी वर्षं..."

दरम्यान प्रकाशकाचा फोन येऊन गेला होता, चौथं प्रकरण कुठे अडलंय म्हणून. अडलेलं नाही, नव्याने लिहितेय, असं त्यांनी कळवलं.