बिल मुलाच्या नावे, टॅबलेट आईच्या हाती

इंदूरच्या रामबागेतून एका निवृत्त शिक्षिकेने विचारले आहे: पुण्यातील मुलाने वाचनासाठी व चित्रपटांसाठी सात इंची टॅबलेट ऑनलाइन मागवून त्यांना दिला. पहिल्याच संध्याकाळी पडदा लुकलुकू लागला, आणि जाहिरातीत ‘फुल एचडी’ म्हटलेले चित्रपट धूसर दिसले. विक्रेता म्हणतो की परत घेण्याचे सात दिवस संपले, शिवाय बिल त्यांच्या नावे नाही.

ताई, बिलाची काळजी प्रथम सोडावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) नुसार खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच ठरते.

सात दिवसांचा मुद्दा मात्र नीट तपासला पाहिजे. दोषयुक्त वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपण तिसऱ्याच दिवशी ग्राहक सेवेला संदेश पाठवला होता, आणि माझ्या मते आपल्या प्रकरणात याहून मोलाचा पुरावा दुसरा नाही. तो संदेश पुसू नका. मुदत खरोखर उलटली असती, तरी दोषाबद्दल तक्रार करण्यास कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात.

लुकलुकणारा पडदा हा दोष आहे, यात मला शंका वाटत नाही. धूसर चित्रपटांबद्दल तसे ठामपणे म्हणता येत नाही, कारण अनेक चित्रपट-ॲप उच्च दर्जाचे चित्र ‘वाइडवाइन एल-१’ (चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेची वरची पातळी) प्रमाणित उपकरणांवरच दाखवतात. ते प्रमाणन नसल्यास पडदा चांगला असूनही चित्र साधेच दिसते. जाहिरातीत केवळ पडदा ‘फुल एचडी’ म्हटला होता की चित्रपट तसे दिसतील असे आश्वासन होते, यावर सारे अवलंबून आहे. ते पान बदलण्यापूर्वी त्याची छायाप्रत आजच जपून ठेवावी.

टॅबलेट जेल रोडवरील कारागिराकडे उघडू देऊ नका, नाहीतर वॉरंटीबद्दल वाद उभा राहील. लुकलुकण्याचे चित्रण करून तो अधिकृत सेवा केंद्रात द्यावा आणि दोष स्पष्ट लिहिलेले जॉब शीट, म्हणजे केंद्राची लेखी नोंद, मागून घ्यावे. तोंडी ‘सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे’ हे उत्तर स्वीकारू नये. त्यानंतर विक्रेता व उत्पादक या दोघांनाही लेखी नोटीस द्यावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

तरीही दाद न मिळाल्यास कलम ३४ नुसार, आपण येथे राहता म्हणून, इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. पुण्यास जाण्याची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीचे शुल्क लागत नाही. तक्रार हिंदीत लिहावी आणि मुलाशी झालेला मराठी पत्रव्यवहार जोडायचा असेल, तर त्याचा हिंदी अनुवाद सोबत द्यावा. टॅबलेट बदलून मिळावा अथवा किंमत परत मिळावी, अशी पर्यायी मागणी त्यातच नमूद करावी.