विचारा रिसर्चबद्दल: पोळ्या लाटणाऱ्या बायकांवर रिसर्च होतो का?

प्रश्न: मॅडम, मी सोशिऑलॉजीत एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या इथल्या पोळी-भाजी केंद्रांत काम करणाऱ्या बायकांवर डेझर्टेशन लिहायचंय, विषय दिलाय 'महिला सक्षमीकरण आणि पोळी-भाजी केंद्रं'. दादा केमिस्ट्रीत एम.एस्सी. करतोय, तो म्हणतो चार बायकांशी गप्पा मारणं म्हणजे रिसर्च नाही, रिसर्चला एक्सपेरिमेंट लागतो. गाइड म्हणतात शंभरचं सॅम्पल घे. माझं काम खरंच रिसर्च आहे का?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अगं, आहे. एक्सपेरिमेंटचं म्हणशील तर दादाला विचार, नारायणगावजवळ खोडदला टीआयएफआरच्या, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना उभ्या केल्यात तिथे कुठला एक्सपेरिमेंट चालतो? ताऱ्याला कोणी हात लावू शकत नाही, वरून जे रेडिओ सिग्नल येतात ते पकडायचे, मोजायचे, परत मोजायचे आणि असं मांडायचं की दुसऱ्या कोणालाही ते तपासता येईल. तेही सायन्सच आहे.

आणि मला तर या वादात कायम दामोदर कोसंबी आठवतात. माणूस गणिताचा, टीआयएफआरमध्ये प्रोफेसर, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला यायचे, आणि त्यांनी काय केलं तर तक्षशिलेला सापडलेली चांदीची जुनी नाणी एकेक करून तराजूत तोलली. नाणं जितकी वर्षं हातोहात फिरतं तितकं झिजतं, वजन कमी होतं, मग वजनावरून कुठला गट आधीचा आणि कुठला नंतरचा हे लावता येईल का, असा त्यांचा प्रश्न. झीज खरंच अशी होते का हे बघायला त्यांनी त्या वेळची चलनातली नाणीसुद्धा तोलली. आता हा इतिहास की स्टॅटिस्टिक्स? मला हे फार आवडतं, कारण 'मला असं वाटतं' इथे न थांबता 'हे मला असं कळलं, बघा' इथपर्यंत ते गेले. तुझ्याकडूनही एवढंच हवंय, तराजू वेगळा असेल.

दादाचं एका बाबतीत मात्र बरोबर आहे. नुसत्या गप्पा मारून आलीस आणि घरी बसून 'महिलांचं सक्षमीकरण झालेलं दिसून येते' असं लिहिलंस तर तो रिसर्च नाही, कारण ते वाक्य तू केंद्रात पाऊल टाकायच्या आधीही लिहू शकली असतीस. म्हणून विषय बारीक कर. मी तुझ्या जागी असते तर एकच विचारलं असतं, एका पोळीमागे बाईला किती मिळायचे हे ठरवतं कोण, आणि गॅस किंवा गहू महागला की तो भुर्दंड कोणाच्या अंगावर पडतो, मालकाच्या, गिऱ्हाइकाच्या की लाटणाऱ्या बाईच्या? याचं उत्तर तुला आज माहीत नाही. बाईला विचार, मालकाला वेगळं विचार, कोणी हिशोबाची वही ठेवत असेल तर परवानगीने ती बघ, तिघांचं जुळत नसेल तर घाबरू नकोस, जिथे जुळत नाही तिथेच तुझा चॅप्टर आहे.

सॅम्पलचं म्हणशील तर शंभर जणींकडून फॉर्म भरून घेण्यापेक्षा पंधरा-वीस जणींशी दोन-दोनदा नीट बोललीस तर या प्रश्नाला जास्त उपयोग होईल, आणि नवीन काहीच निघेनासं झालं की थांबायचं. फक्त सगळ्या एकाच केंद्रातल्या नकोत, घरून लाटून देणाऱ्याही हव्यात. गाइडना हे कारणासकट सांग, ऐकतील. सकाळी डब्यांच्या घाईत अजिबात जाऊ नकोस, दुपारी जा. नावं बदलीन हे आधी सांग आणि खरंच बदल, कारण दराबद्दल बोलल्यामुळे एखादीचं काम गेलं तर तुझे मार्क तिच्या काय कामाचे. जमलं तर एक दिवस स्वतः लाटायला बस, तासाभराने खांदा कुठे भरून येतो ते कळेल आणि मग प्रश्न वेगळे सुचतील.

मागचंही वाच. गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचलेल्या असायच्या, प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तुझ्या डोंबिवलीच्या बायका त्याच रांगेतल्या आहेत, लिटरेचर रिव्ह्यूची सुरुवात तिथून कर.

प्रश्न: मुलगी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. म्हणते. नातेवाईक म्हणतात यात वय निघून जातं आणि पैसेही नाहीत. आम्हाला यातलं काही कळत नाही.
एक वडील, भांडुप

उत्तर: तुम्ही नातेवाइकांचं ऐकून गप्प न बसता विचारलंत हेच मला बरं वाटलं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा वर्गातला अभ्यास, धरून पीएच.डी.ला कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 6, मुलींना त्यावर 2 वर्षांची सवलत मिळू शकते, आणि या काळात बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे. म्हणजे लग्न की पीएच.डी. असा प्रश्न घरात उभा करायचं कारण नाही. जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्यांना मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर पहिली 2 वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000, वर घरभाडं. पण खरं सांगते, हे पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून चालू नका, माझ्या एका विद्यार्थिनीचे सात महिने आले नव्हते आणि तिचा लोकलचा पास घरचे काढत होते. पहिल्या वर्षी थोडे पैसे बाजूला ठेवा.

तिने जागा निवडताना कॉलेजच्या नावापेक्षा गाइड बघावा, आणि त्या गाइडकडच्या सध्याच्या मुलांना गाठून विचारावं की सर किंवा मॅडम भेटतात का, चॅप्टर वाचून परत देतात का. हे विचारायला लाजू नये.

कमला सोहोनींची गोष्ट तिला माहीत असेल, तुम्ही वाचा. 1933 मध्ये मुंबई युनिव्हर्सिटीतून पदवी घेऊन त्या बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला गेल्या तर मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी नकार दिला, या हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून का होईना घ्यावं लागलं. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी., आणि नंतर आपल्या मुंबईच्याच इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नीरेवर काम केलं. त्यांच्या वडिलांना आणि काकांना नातेवाईक काय म्हणाले असतील याचा मी पुष्कळदा विचार करते.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, इतके रुपये भरा, 48 तासांत इंटरनॅशनल जर्नलमध्ये पेपर छापू. प्रमोशनसाठी चालेल का?
एक प्राध्यापक, पनवेल

उत्तर: सर, नका. पेपर जाणकाराने वाचायला, शंका काढायला, तुम्ही सुधारून पाठवायला महिने जातात, 48 तासांत फक्त पैसे पोचतात. 2013 मध्ये 'सायन्स' साप्ताहिकाच्या जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घातलेला खोटा पेपर 304 जर्नलना पाठवला होता, निम्म्याहून जास्त जणांनी तो घेतला. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादीही 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे आता 'लिस्टमध्ये आहे' एवढं म्हणून भागणार नाही, पारख आपली आपल्यालाच करायची आहे. संपादक मंडळातल्या दोघांना सरळ मेल करा आणि विचारा तुम्ही खरंच यावर आहात का. मागच्या अंकातले चार पेपर वाचा, तुमच्या वर्गातल्या मुलाने लिहिले असते तर पास केले असते का ते बघा.

प्रश्न: बँकेतून रिटायर झालो. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतली पत्रं आणि खातेवह्या सापडल्या. मी पीएच.डी. नाही, मी यावर काही करू शकतो का?
एक वाचक, गिरगाव

उत्तर: काका, नक्की करा. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांकडे कुठे पीएच.डी. होती? ते गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून, दप्तरांतून कागद गोळा करत राहिले, 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते त्यातूनच. आणि तुमच्याकडे तर एक गोष्ट आहे जी इतिहासाच्या पुष्कळ मुलांकडे नसते, तुम्हाला खातेवही वाचता येते, जमा-खर्च कुठे जुळत नाही हे तुमच्या चटकन डोळ्यात येईल. मोडी सहा महिन्यांत हाताखाली येते, मुंबईत वर्ग चालतात.

पण आधी कागद सांभाळा. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, ऊन नको, आणि दमट हवेत लोखंडी ट्रंकेत तर अजिबात ठेवू नका. प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने नंबर द्या, तारखेप्रमाणे लावायची घाई करू नका, कारण आजोबांनी कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी ठेवला होता हीसुद्धा माहिती आहे आणि एकदा मोडली की परत मिळत नाही. मग एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन त्या काळचे आणखी कागद बघा. जाताना पेन्सिल न्या, जुन्या कागदांजवळ पेन काढू नये. पहिल्या दहा पानांचं लिप्यंतर झालं की मला कळवा, मला वाचायचंय.